चाळिशीनंतर कॉकपिट : अमेरिकेत रीजनल एअरलाइनपर्यंतची वाट

नोकरी सोडून वैमानिक होतोय, असं मिरजेला फोन करून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, आता या वयात ड्रायव्हर होणार का तू?" मी तेव्हा ४२ वर्षांचा होतो आणि सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये घासली होती. ४६व्या वर्षी एका रीजनल एअरलाइनच्या प्रशिक्षण वर्गात बसलो, तर माझ्याहून मोठे दोघे निघाले: एक निवृत्त फायरमन आणि एक शाळामास्तर. तेव्हापासून अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे फोन येतात. प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढतो.

रीजनल म्हणजे काय, हे आधी. डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकनचं तिकीट काढून छोट्या गावाला जाताना तिकिटावर बारीक अक्षरांत दुसऱ्याच कंपनीचं नाव असतं. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट, एन्डेव्हर या त्या कंपन्या. विमानं एम्ब्रेअर किंवा सीआरजे ही छोटी जेट, आसनं फार तर ७६. नव्या वैमानिकाला जेटचं दार बहुधा इथेच उघडतं.

उलटी मोजणी

अमेरिकेत एअरलाइनच्या वैमानिकाला ६५व्या वाढदिवशी कॉकपिट सोडावं लागतं. २००७ पर्यंत ही मर्यादा ६० होती. त्यामुळे कागद घ्या आणि ६५ पासून मागे या. माझा हिशोब असा होता: ४२ला सुरुवात, दोन वर्षं लायसन्सं, दोन वर्षं उड्डाणाचे तास जमवण्यात, ४६ला वर्ग. कॅप्टन व्हायला एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून किमान १००० तास लागतात, म्हणजे चांगल्या काळात दोनेक वर्षं. हाती उरली सतरा वर्षं.

या धंद्यात सगळं सीनिऑरिटीच्या आकड्यावर चालतं. कुठल्या शहरातून उडायचं, दिवाळीला सुट्टी मिळणार का, कॅप्टन कधी होणार, सगळं. तुमची हुशारी, आधीचा हुद्दा, वय यांना तिथे कोणी विचारत नाही. वर्ग सुरू होण्याची तारीख हाच तुमचा जन्मदिवस. "मुलगी कॉलेजला गेली की बघू" म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: थांबलेलं वर्ष सुरुवातीच्या कमी पगारातून वजा होत नाही, ते शेवटच्या, सगळ्यात भारी पगाराच्या टोकाकडून जातं.

एक गंमत मात्र आपल्या बाजूची आहे. एकाच दिवशी वर्गात आलेल्यांचे क्रम लावताना बऱ्याच कंपन्या जन्मतारीख बघतात आणि वयाने मोठा तो वर. आमच्या वर्गात फायरमन पहिला, मास्तर दुसरा, मी तिसरा. तेवीस वर्षांची पोरं खाली. पांढऱ्या केसांचा सरळ फायदा मला आयुष्यात एवढाच झाला.

पगाराचंही आत्ताच बोलू. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलरच्या घरात नेला. महिन्याला ७५ तासांची हमी धरली तर वर्षाला ८१,००० डॉलर. आयटीतून येणाऱ्याला ही पगारकपात आहे, आणि त्याआधीची दोन वर्षं तर याहून कडकीची. केवळ पैशासाठी येत असाल तर येऊ नका.

व्हिसा

हा भाग कोरडा आहे, पण इथे अडलात तर पुढचं वाचून उपयोग नाही. एच-वन-बीवर असताना छंद म्हणून विमान शिकता येतं, पण पैसे घेऊन उडवता किंवा शिकवता येत नाही. एअरलाइनला कामाचा बिनशर्त हक्क लागतो, म्हणजे व्यवहारात ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व. ग्रीन कार्डवाल्यांनीही प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची, म्हणजे वाहतूक सुरक्षा खात्याची, मंजुरी घ्यायची असते. बोटांचे ठसे, कागदपत्रं, थोडी वाट बघणं. नागरिकांनी इन्स्ट्रक्टरला पासपोर्ट दाखवला की झालं.

मेडिकल, पहिला डॉलर खर्च करण्याआधी

मेडिकल म्हणजे वैमानिकाचा वैद्यकीय दाखला. त्याचे तीन वर्ग, फर्स्ट क्लास सगळ्यात कडक. खाजगी लायसन्सला थर्ड क्लास मेडिकल पुरतं. तरी चाळिशीपुढच्याने पहिल्याच दिवशी फर्स्ट क्लासच करून घ्यावं. साठ हजार डॉलर घालवल्यावर हृदयाचा ठोका चुकतोय हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. पस्तिशीनंतरच्या पहिल्या तपासणीला एकदा आणि चाळिशीनंतर दरवर्षी ईसीजी लागतो. कॅप्टनला चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी डॉक्टरची पायरी चढावी लागते. फर्स्ट ऑफिसरला नियमाने सेकंड क्लास चालतं, पण बऱ्याच कंपन्या फर्स्ट क्लासच मागतात.

आपल्या लोकांची दुखणी ठरलेली: रक्तदाब आणि साखर. गोळ्यांनी आटोक्यात असलेला रक्तदाब सहसा आड येत नाही. घरच्या डॉक्टरचा ताजा कागद नेला की तपासणारा डॉक्टर तिथल्या तिथे सही करू शकतो. साखर सीमारेषेवर असेल तरी असंच. मधुमेहच असेल आणि गोळ्या चालू असतील तर फाइल ओक्लाहोमा सिटीला एफएएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या, वैद्यकीय विभागाकडे जाते आणि विशेष परवानगी लागते. ती मिळते, पण महिने जातात. नैराश्यावरच्या औषधांसाठी २०१० पासून वाट आहे, लांब आणि खर्चिक.

आता कामाची युक्ती. एफएएचा ऑनलाइन फॉर्म भरून तपासणीला बसण्याआधी, त्याच डॉक्टरकडे नुसती सल्ल्याची वेळ घ्या. जुन्या फाइली टेबलावर ठेवा आणि विचारा, "यात काय अडेल?" तपासणी सुरू झाली की निकाल नोंदला जातो आणि नकार कायम मागे लागतो. सल्ल्याची नोंद होत नाही.

फॉर्ममध्ये गेल्या तीन वर्षांत कोणत्या डॉक्टरांकडे गेलात हे विचारतात. सुट्टीत पुण्याला जाऊन स्वस्तात केलेलं फुल बॉडी चेकअप, तिथल्या डॉक्टरांनी "घ्या, काही होत नाही" म्हणून दिलेली झोपेची गोळी, हे सगळं त्यात येतं. "इथे कोणाला कळतंय" म्हणून गाळू नका. खोटी माहिती हा केंद्रीय गुन्हा आहे.

आणि डोळे. मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि वाचायच्या चष्म्यालाही, आणि दोन्ही एकदमच येतात. चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर हरकत नसते. पन्नाशीनंतर मात्र ३२ इंचांवरची नजरही तपासतात, कारण समोरचं पॅनेल साधारण तेवढ्याच अंतरावर असतं. बायफोकल लावणाऱ्यांची खरी अडचण कोणी आधी सांगत नाही: जवळचं दिसणारी काच खाली असते आणि विमानातली निम्मी बटणं डोक्यावर. मी पहिले काही दिवस बटण वाचायला मान इतकी मागे टाकायचो की इन्स्ट्रक्टरने विचारलं, "झोप येतेय का?" चष्मा करताना डोळ्यांच्या डॉक्टरांना कॉकपिटचा फोटो दाखवा.

पैसा

शून्यापासून इन्स्ट्रक्टरच्या लायसन्सपर्यंत (पुढचे तास बहुधा शिकवूनच जमवायचे असतात) एक लाख डॉलरच्या आसपास धरा. छोट्या विमानतळावर, ओळखीच्या इन्स्ट्रक्टरकडे, जुन्या सेस्नात थोडं कमी होतं; झटपट कोर्स विकणाऱ्या मोठ्या शाळांत जास्त.

४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, फोडू नका. साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर कर भरून वर १० टक्के दंड. आम्ही घर लहान केलं आणि दोन वर्षं बायकोच्या नोकरीवर राहिलो. तिच्या नोकरीतला आरोग्य विमा हा सगळ्यात मोठा आधार होता, कारण फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या नोकरीत तो बहुधा मिळत नाही. जोडीदाराने मनापासून हो म्हटलेलं नसेल तर ही पायरी ओलांडू नका. आणि शाळेला सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. शाळा बंद पडतात आणि पैसे परत येत नाहीत. माझ्या ओळखीत एकाचे अठरा हजार असेच गेले.

पहिले २५० तास

क्रम असा: खाजगी लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडायचं), कमर्शियल (पैसे घेऊन उडायचं), मल्टिइंजिन, मग इन्स्ट्रक्टर. खाजगी लायसन्सला नियमाने ४० तास लागतात. साठ-सत्तर तासांच्या आत झालेला माणूस मी क्वचित पाहिला आणि चाळिशीपुढचा तर नाहीच. इन्स्ट्रुमेंटला ४० तास उपकरणांवरचं उड्डाण. कमर्शियलला एकूण २५०. एफएएमान्य अभ्यासक्रमाच्या शाळेत १९०. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला अशा शाळेचं वेळापत्रक झेपत नाही, त्याने गावचा साधा फ्लाइंग क्लब धरावा. शेवटी एअरलाइनसाठी १५०० तास करायचेच आहेत, साठ तास वाचवून मिळवणार काय?

किती वेळा उडता, यावर मात्र सगळं आहे. आठवड्यातून एकदा उडणारा निम्मा तास मागचं आठवण्यात घालवतो, आणि तो निम्मा तास तासाला दोनशे डॉलरहून महाग असतो. आठवड्यातून तीनदा. जमत नसेल तर पैसे साठवा, चार महिन्यांचे एकदम जमले की मग सुरू करा.

लेखी परीक्षांना आपण घाबरायचं कारण नाही, ७० गुणांवर पास. पण उड्डाणाची परीक्षा, जिला इथे चेकराइड म्हणतात, नापास झालात तर ती नोंद जन्मभर राहते आणि एअरलाइन ती मागवून बघते. एकदोन असतील तर चालतं, काय चुकलं ते सरळ सांगायचं. इन्स्ट्रक्टर म्हणाला "जमेल बहुतेक", तर पुढची तारीख घ्या.

रेडिओवर बोलताना आपला उच्चार आड येईल, अशी भीती अनेकांना असते. उच्चार आड येत नाही, वेग येतो. आपण घाईत बोलतो. रेडिओवर 'व्ही'ला व्हिक्टर आणि 'डब्ल्यू'ला व्हिस्की म्हणतात; या दोन अक्षरांवर मात्र मराठी जिभेने मेहनत घ्यावी. आपल्याकडे दोघांचाही 'व्ह' एकच. मी गाडीत, लाल दिव्यावर, समोरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटा मोठ्याने वाचायचो.

२५० ते १५००

२००९च्या फेब्रुवारीत बफलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं, पन्नास माणसं गेली. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही १५०० तासांचं एटीपी, म्हणजे वैमानिकाचं सगळ्यात वरचं लायसन्स, सक्तीचं झालं. त्या विमानातल्या दोघांकडेही १५०० पेक्षा बरेच जास्त तास होते, पण तो वाद इथे नको. सैन्यातून आलेल्यांना ७५० आणि विमानविद्येची पदवी असलेल्यांना १००० ची सवलत आहे. त्या सवलतीसाठी आता नवी पदवी घ्यायला निघू नका. पदवीला लागणाऱ्या वर्षांत उरलेले ५०० तास शिकवून होतात.

तास जमवायचा रुळलेला मार्ग म्हणजे शिकवणं. दिवसभर विद्यार्थ्याच्या शेजारी बसायचं, तो जमिनीवर आपटणार असं वाटेपर्यंत हात मांडीवर ठेवायचे. वयाचा इथे उपयोग होतो. मुलांना गाडी शिकवलेल्या माणसाला संयम आयता येतो.

इथे एक चूक फार जण करतात. नुसते १५०० पुरत नाहीत. त्यात ५०० तास क्रॉस-कंट्री, १०० रात्रीचे, ७५ उपकरणांवरचे आणि ५० मल्टिइंजिनचे हवेत. विद्यार्थी धावपट्टीभोवतीच घिरट्या घालतात, त्यामुळे १४०० तासांना पोचल्यावर कळतं की क्रॉस-कंट्री ३१०च आहेत. एटीपीसाठी क्रॉस-कंट्री मोजताना निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांहून दूर गेलं की पुरतं, तिथे उतरावं लागत नाही. म्हणून सरावाची जागा ५२ मैलांवरची निवडा, विद्यार्थ्याचं काम तिथेही होतंच. मल्टिइंजिन तासही पहिल्या दिवसापासून थोडे थोडे जमवा, ते सगळ्यात महाग.

लॉगबुक दर रविवारी बेरीज करून ठेवा. मुलाखतीत तिथला माणूस पान उघडतो आणि बोट ठेवून विचारतो, "हे काय?" टेस्टिंगवाल्यांना हे सांगावं लागू नये, पण माझी १.३ तासांची चूक तिथेच सापडली.

अर्ज

भरती लाटेसारखी असते. २०२०ला ठप्प, २०२२ला मिळेल त्याला उचलत होते, २०२४ला पुन्हा हात आखडला. तुमचे १५०० कधी पूर्ण होतील तेव्हा लाट कुठे असेल हे आपल्या हातात नाही. हजार तासांनाच अर्ज टाकून ठेवा, दर महिन्याला तास अद्ययावत करा. मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांपेक्षा "तुमच्याहून वीस वर्षांनी लहान कॅप्टनने चूक दाखवली तर?" हा प्रश्न आपल्याला नक्की येतो. पाठ केलेलं उत्तर त्यांना ओळखू येतं. मी खरा प्रसंग सांगितला: कमर्शियल मला ज्या इन्स्ट्रक्टरने शिकवलं तो २३ वर्षांचा होता आणि पहिल्याच दिवशी त्याने माझ्या हातावर चापट मारली होती.

निवड झाल्यावर एटीपीची लेखी परीक्षा देण्याआधी एक सक्तीचा कोर्स असतो, ३० तास वर्ग आणि १० तास सिम्युलेटर. हा खर्च बहुतेक रीजनल कंपन्या स्वतः करतात. खिशातून करू नका.

एअरलाइनची शाळा

चाळिशीपुढची माणसं पडतात ती इथे, आणि ती अक्कल कमी म्हणून पडत नाहीत. दोनतीन महिने हॉटेलात. आधी कंपनीचे नियम, मग विमानाच्या यंत्रणा, मग बटणांचा सराव, मग सिम्युलेटर. पंचविशीतलं पोर मर्यादांचे आकडे रात्रीत पाठ करतं. आपल्याला तीन दिवस लागतात. हे मान्य करून आधीच सुरुवात करायची, एवढाच उपाय आहे. कंपनी वर्गाआधी जे साहित्य पाठवते ते बहुतेक जण चाळतात. मी ते दीड महिना घोटलं.

कॉकपिटमध्ये बटणं ठरलेल्या क्रमाने फिरवायची असतात, त्याला फ्लो म्हणतात. तो डोक्यात साठवून भागत नाही, हातात उतरावा लागतो. कॉकपिटचं पोस्टर भिंतीला लावतात ते सगळेच. मी आमचं स्वयंपाकघर वापरलं. गॅसवरची चिमणी म्हणजे डोक्यावरचं पॅनेल, मायक्रोवेव्ह म्हणजे फ्लाइट कॉम्प्युटर, ओट्यावर उलटी ठेवलेली दोन लाटणी म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे थ्रस्ट लीव्हर. सकाळी चहा टाकायच्या आधी चिमणीच्या डाव्या टोकापासून सुरुवात. अकरा वर्षांची लेक टायमर धरून उभी राहायची आणि मध्येच ओरडायची, "बाबा, उजवं इंजिन गेलं!" आज कॉकपिटमध्ये बसल्यावर माझा हात कधीकधी चिमणीच्या उंचीवर जातो, असं मला वाटतं.

सिम्युलेटरमधला बागुलबुवा म्हणजे व्ही-वन कट. धावपट्टीवर एक वेग असतो, त्यापुढे थांबायचं नाही, उडायचंच. नेमक्या त्या क्षणी इन्स्ट्रक्टर एक इंजिन बंद करतो. नाक बंद इंजिनाकडे झटक्याने वळतं आणि उलट बाजूच्या पायाने ते धरायचं असतं. पहिल्या दिवशी मी पॅनेलकडे बघून कोणतं इंजिन गेलं ते शोधत बसलो. तेवढ्यात आम्ही गवतात. पडदा गोठला. इन्स्ट्रक्टर, वय वर्षं अठ्ठावीस, म्हणाली, "कोणतं गेलं ते नंतर. आधी बाहेर बघ, नाक सरळ ठेव." दुसऱ्यांदा पाय जास्त. तिसऱ्यांदा जमलं. टेस्टरची सवय आधी कारण शोधायची. ती मोडायला मला दोन सत्रं लागली. तुमच्या जुन्या नोकरीने लावलेली अशी एखादी सवय असणारच. डॉक्टर असाल तर वेगळी, मॅनेजर असाल तर हमखास "मला माहीत आहे" ही. ती इन्स्ट्रक्टरला पहिल्या दिवशी सांगून टाका, ते तिच्यावर लक्ष ठेवतात.

अभ्यास एकट्याने करू नका. जोडीदार म्हणून मिळालेलं पोर तुमच्याहून चपळ असेल. त्याला विचारा, रात्री त्याच्या खोलीत पोस्टरसमोर खुर्च्या मांडून बसा. दहानंतर मात्र पुस्तक बंद. चोवीसाव्या वर्षी झोप मोडून चालतं, आपलं चालत नाही.

लाइनवर

शेवटची परीक्षा झाली की किमान २५ तास चेक एअरमनबरोबर, म्हणजे कंपनीच्या तपासणाऱ्या वैमानिकाबरोबर, खऱ्या प्रवाशांना घेऊन उडायचं. मग रिझर्व्ह: फोन हातात, बोलावलं की साधारण दोन तासांत विमानतळावर. तुम्ही राहता त्या शहरातच तळ मिळेल असं नाही. नसेल तर आदल्या दिवशीच पोचा. चारसहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, जिला क्रॅश पॅड म्हणतात, ती कंटाळवाणी असते पण स्वस्त पडते. कोल्गनच्या त्या विमानातली सहवैमानिक सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्युटीवर आली होती. चौकशीत थकव्याचा विषय निघाला तो त्यावरूनही. चाळिशीपुढच्याला तळ असलेल्या गावी घर हलवणं शक्य असेल तर मी म्हणेन हलवा, पगारापेक्षा हे मोठं आहे.

बॅगेत काय ठेवायचं याची यादी कंपनी देते. त्यात नसलेली एक गोष्ट: चाळिशीच्या दोन जोड्या, एक खिशात, एक बॅगेत. माझ्या तिसऱ्या की चौथ्या फेरीला खिशातली हॉटेलातच राहिली आणि मेडिकलवर स्वच्छ लिहिलंय की जवळचा चष्मा जवळ हवा. कॅप्टनकडे बघितलं. ती एकतीस वर्षांची, तिच्याकडे कुठून असणार! ती गेट एजंटला म्हणाली, "पाच मिनिटं थांबा," आणि मी युनिफॉर्ममध्ये टर्मिनलभर पळत पुस्तकांच्या दुकानातून दीड नंबरची जोडी विकत आणली, किमतीची चिठ्ठी लोंबत असलेली. नऊ मिनिटं उशिरा निघालो. चिठ्ठी तिनेच कापून दिली.